जुनी रेकॉर्ड आणि दुर्मिळ रेकॉर्ड, फरक नेमका कशात? 'लाइव्ह ॲट लीड्स' हातात घेऊन समजून घेऊ

गावात कोणाला कळलं की मी विलायती रॉक बँडच्या जुन्या रेकॉर्डी जमवतो, की पहिला प्रश्न ठरलेला, "कायले इतका पैसा घालतं बे, मोबाइलवर तं फुकटच आयकू येते!" त्याचं उत्तर सोपं आहे, मला आवडतं म्हणून. पण त्याच्या मागून जो दुसरा प्रश्न येतो तो खरा अभ्यासाचा आहे. एकाच अल्बमची एक कॉपी दीड-दोन हजारात मिळते आणि दुसरीसाठी लोक त्याच्या कितीतरी पट मोजायला तयार असतात, गाणी तीच, बँड तोच, मग हा फरक आला कुठून? आज हेच नीट उलगडून सांगतो. उदाहरणाला एकच अल्बम घेतो, द हू या इंग्लंडच्या बँडचा 'लाइव्ह ॲट लीड्स', १९७० चा, कारण या छंदात शिकण्यासारखं जे जे आहे ते जवळजवळ सगळं या एका तपकिरी पाकिटात सापडतं.

ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. द हू म्हणजे गिटारवर पीट टाउनशेंड, गायला रॉजर डाल्ट्री, बेस गिटारवर जॉन एन्टविसल आणि ड्रमवर कीथ मून. १९६९ मधे त्यांचा 'टॉमी' हा अल्बम आला आणि तुफान गाजला, आणि स्टेजवर तर हे चौघं त्या काळात असे काही वाजवायचे की आता लाइव्ह अल्बम काढाच असं सगळे म्हणत होते. अमेरिकेच्या दौऱ्यातले शो टेप करून ठेवलेही होते, पण तो ढीग एवढा झाला की बसून ऐकणार कोण, आणि शेवटी टाउनशेंडनं त्या टेपा जाळून टाकायला सांगितलं, हे त्यानं स्वतःच सांगितलंय. (मला हे वाचून अजूनही हळहळ वाटते.) मग इंग्लंडमधे दोनच शो खास रेकॉर्डिंगसाठी ठरवले, १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठाच्या रिफेक्टरीत, म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या जेवणाच्या हॉलमधे, आणि दुसऱ्या दिवशी हल शहराच्या सिटी हॉलमधे. हलच्या टेपवर सुरुवातीच्या काही गाण्यांना बेसच आला नव्हता म्हणून लीड्सचा नंबर लागला. त्या रात्री बँडनं जवळजवळ अख्खा 'टॉमी' पण वाजवला होता, पण मे १९७० मधे जी रेकॉर्ड दुकानात आली तिच्यावर फक्त सहा गाणी होती, पहिल्या बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला दोन, आणि त्या दोनपैकी 'माय जनरेशन' एकटंच जवळपास पंधरा मिनिटांचं. इंग्लंडच्या चार्टवर तिसऱ्या नंबरपर्यंत गेला, अमेरिकेत चौथ्यापर्यंत. म्हणजे हा अल्बम लाखांनी खपलाय, हे लक्षात ठेवा, कारण दुर्मिळ शब्द ऐकला की लोकांना वाटतं की कॉपी मोजक्याच निघाल्या असतील. तसं नाही.

आता पाकीट बघा. त्या काळात नामी बँडचे अल्बम कसे असायचे, चकचकीत रंगीत कव्हर, फोटो, चित्रं. आणि हा आला साध्या तपकिरी पुठ्ठ्यात, वर कोपऱ्यात रबरी शिक्का मारल्यासारखी अक्षरं, द हू लाइव्ह ॲट लीड्स, बस. हे मुद्दाम होतं. १९६९ पासून अमेरिकेत चोरून काढलेल्या रेकॉर्डींचं पीक आलं होतं, त्यांना बूटलेग म्हणतात, कोणीतरी प्रेक्षकांत बसून शो टेप करायचा, गुपचूप रेकॉर्डी दाबून घ्यायचा आणि कोऱ्या पाकिटावर शिक्का मारून विकायचा. रोलिंग स्टोन्सच्या १९६९ च्या दौऱ्यातली अशी एक चोरटी रेकॉर्ड तर खूप गाजली. द हूनं उलटा डाव टाकला, की आमची अधिकृत रेकॉर्डच आम्ही चोरट्या मालासारखी दाखवतो. पाकीट गेटफोल्ड आहे, म्हणजे वहीसारखं उघडतं, आतमधे दोन खिसे, एकात रेकॉर्ड आणि दुसऱ्यात कागदपत्रं. बँडच्या इतिहासातल्या कागदांच्या हुबेहूब नकला, एकूण १२. मार्की क्लबचं ते प्रसिद्ध काळं पोस्टर ज्यात टाउनशेंड हात गोल फिरवून गिटार वाजवतोय, 'माय जनरेशन'चे टाइप केलेले बोल आणि त्यावर हातानं केलेल्या खुणा, ईएमआय कंपनीनं बँडला नकार दिल्याचं पत्र, वूडस्टॉक संगीत महोत्सवातल्या कार्यक्रमाचा करार, एक जुना फोटो, आणि धुराचे बॉम्ब घेतल्याची पावती सुद्धा.

दुर्मिळपणा इथून सुरू होतो. सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं १९७० मधे ही रेकॉर्ड घेतली, तर तो पहिल्यांदा काय करणार, पोस्टर काढणार आणि भिंतीला चिकटवणार. फोटो मैत्रिणीला देणार. पावती कुठंतरी पुस्तकात ठेवणार आणि विसरणार. घर बदललं, लग्न झालं, आईनं माळा साफ केला, कागद गेले. त्यामुळे रेकॉर्ड लाखोंनी शिल्लक आहेत, पण रेकॉर्ड, मूळ पाकीट आणि बाराच्या बारा कागद एकत्र, चांगल्या अवस्थेत, असा संच शोधायला गेलं की मग कळतं. विकणारा नुसतं 'इन्सर्टसहित', म्हणजे आतल्या कागदांसह, असं लिहितो, तर लगेच विचारायचं, किती आणि कोणते, आणि प्रत्येकाचा वेगळा फोटो मागायचा, पुढून मागून. यात लाजायचं काही नाही, चांगला विक्रेता स्वतःहूनच सगळे कागद टेबलावर मांडून फोटो टाकतो.

नागपूरला माझ्या ओळखीच्या एका काकांकडे इंग्लंडची जुनी कॉपी आहे. ते कागद बाहेर काढताना आधी पंखा बंद करतात, मग पलंगावर धुतलेली चादर टाकतात, आणि एकेक कागद दोन्ही हातांनी कडेला धरून ठेवतात. पोस्टरच्या घड्यांवर काळा रंग उडून पांढरी रेघ आलेली आहे, आणि जिथं दोन घड्या एकमेकांना कापतात तिथं बारीकसं भोक पडलंय, उजेडाकडे धरलं की दिसतं. "हे भोक असलंच पायजे," ते म्हणाले, "पन्नास वर्षं घडीत रायलेल्या कागदाले भोक नसनं तं मले संशय येते." हे वाक्य मी डोक्यात कोरून ठेवलंय, कारण याच अल्बमची २०१० मधे चाळीस वर्षं झाली म्हणून मोठी पेटी निघाली होती, तिच्यात या सगळ्या कागदांच्या पुन्हा नव्यानं नकला दिल्या होत्या. त्या वाईट नाहीत, पण नवे कागद जुन्या पाकिटात सरकवून 'संपूर्ण मूळ संच' म्हणून विकणं फार सोपं आहे. कागद फारच पांढराशुभ्र, घडी अगदी ताजी, आणि सगळे कागद एकाच जातीचे एकाच जाडीचे वाटले तर थांबा.

शिक्क्याचा रंग हा आणखी एक विषय. लाल आणि निळा शिक्का नेहमी दिसतो, पण इंग्लंडच्या अगदी सुरुवातीच्या थोड्या कॉपींवर तो काळा होता आणि जमवणारे त्याच्या मागे असतात. आता काळी शाई मारणं काही अवघड काम नाही, म्हणून नुसत्या शिक्क्यावर कधीच पैसे देऊ नका, बाकीच्या खुणा जुळल्या पाहिजेत. त्या खुणा कोणत्या ते कळायला रेकॉर्ड कारखान्यात कशी बनते ते माहीत असावं लागतं, आणि इथं जरा वेळ देतो, कारण सगळ्या गोष्टीचं मूळ इथंच आहे.

शोची टेप असते. टेपवरून इंजिनिअर एका मऊ लॅकरच्या चकतीवर सुईनं खाच कापतो, हीच ती गोल गोल जाणारी खाच ज्यात गाणं आहे. ही मऊ चकती वाजवायची नसते. तिच्यावर चांदीचा थर देतात, मग निकेलचा, आणि तो धातूचा थर सोडवून घेतात, त्यात खाचेच्या जागी उंचवटा येतो. या धातूवरून आणखी एक धातूची चकती, तिला मदर म्हणतात, आणि मदरवरून स्टॅम्पर. स्टॅम्पर प्रेसमधे लावायचा, मधे गरम विनाइलचा गोळा, दाब दिला की रेकॉर्ड तयार. म्हणूनच प्रेसिंग शब्द. एका स्टॅम्परवर साधारण हजारभर रेकॉर्डी नीट निघतात, मग तो झिजतो, मदरवरून दुसरा काढतात. आपल्याकडे गणपतीचा साचा असतो ना, नव्या साच्यातून निघालेल्या मूर्तीची बोटं, सोंडेवरच्या रेघा कशा स्पष्ट येतात आणि हंगामाच्या शेवटी त्याच साच्यातून निघालेला गणपती जरा बोथट दिसतो, अगदी तेच. पहिल्या प्रेसिंगचं कौतुक लोक करतात ते निव्वळ मिरवायला नाही, कान देऊन ऐकलं तर झांजेचा आवाज, टाळ्यांतली मोकळी हवा यात फरक कळतो. अर्थात प्रत्येक पहिलं प्रेसिंग चांगलंच असेल असंही नाही, एखादा स्टॅम्पर झिजेपर्यंत रेटला असेल तर पहिल्या महिन्यातली कॉपी पण मार खाते.

मग तुमच्या हातातली कॉपी कोणत्या साच्यातली हे कसं ओळखायचं? रेकॉर्ड उजेडात तिरपी धरा. गाणी जिथं संपतात आणि लेबल जिथं सुरू होतं त्याच्या मधे एक रिकामी गुळगुळीत पट्टी असते, तिला रनआउट किंवा डेड वॅक्स म्हणतात. तिच्यात बारीक अक्षरं कोरलेली असतात, हातानं खरडलेली किंवा ठशानं मारलेली. हा मॅट्रिक्स नंबर. ट्रॅक रेकॉर्ड्स या कंपनीनं इंग्लंडमधे काढलेल्या या अल्बमचा नंबर २४०६ ००१ आहे, पाकिटावर लेबलवर हा नंबर असतो, आणि ट्रॅकच्या त्या काळच्या इंग्लिश रेकॉर्डींवर रनआउटमधे नंबरच्या पुढे ए//१, बी//१ असं काहीतरी दिसतं. ए आणि बी म्हणजे बाजू, आणि शेवटचा आकडा कितव्या वेळी कापलेली चकती ते सांगतो. १ म्हणजे पहिली कापणी, २ किंवा ३ असेल तर नंतर पुन्हा कापली. लेबल बदलता येतं, पाकीट बदलता येतं, शिक्का मारता येतो, पण ही कोरलेली अक्षरं रेकॉर्डच्या अंगावरच असतात, ती कोणी बदलू शकत नाही. म्हणून विकणाऱ्याला कव्हरचे दहा फोटो मागण्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या रनआउटचा एकेक स्पष्ट फोटो मागा. मोबाइलचा टॉर्च बाजूनं मारला की अक्षरं वर येतात.

लेबलची पण एक मजा आहे आणि ती माहीत नसली तर चांगली रेकॉर्ड हातची जाते. या अल्बमचं लेबल छापील अक्षरात नाही, हातानं लिहिल्यासारखं आहे, आणि त्यावर चक्क लिहिलंय की खरखर आवाज येतो तो ठीक आहे, दुरुस्त करू नका. झालं होतं असं की एन्टविसलच्या बेसच्या केबलमुळे टेपवरच टकटक, खरखर असे आवाज आले होते, 'शेकिन ऑल ओव्हर'मधे तर चांगलेच ऐकू येतात. रेकॉर्ड कापणाऱ्या आणि तपासणाऱ्या लोकांना वाटू नये की हा दोष आहे, म्हणून ती सूचना, आणि तीच लेबलवर ठेवून दिली. नंतरच्या सीडीवर कॉम्प्युटरनं हे आवाज काढून टाकले. त्यामुळे ज्यांनी आधी सीडी किंवा मोबाइलवर ऐकलंय त्यांना जुनी रेकॉर्ड खराब वाटते. ती खराब नसते. ओळखायची युक्ती अशी, रेकॉर्डवर ओरखडा असेल तर आवाज दर फेरीला एकदा, ठरावीक अंतरानं येतो, एलपी, म्हणजे अशी मोठी रेकॉर्ड, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश वेळा फिरते म्हणजे साधारण दर पावणेदोन सेकंदांनी एकदा टक. टेपमधला आवाज असा ताल धरत नाही, कधीही येतो. माझं मत विचाराल तर ती खरखर राहिलेलीच मला जास्त आवडते, त्या हॉलमधे खरंच कोणीतरी केबल ओढत वाजवत होतं हे तिच्यामुळे कळतं.

वेगवेगळ्या देशांच्या कॉपींचं गणित टेपवर अवलंबून आहे. मूळ टेप साधारण एकाच देशात राहते, बाकी देशांना तिची नक्कल पाठवतात, टेपची नक्कल झाली की थोडी सरसर वाढते आणि वरचे बारीक सूर थोडे दबतात. हा अल्बम इंग्लंडमधे ट्रॅकनं काढला, अमेरिकेत डेकानं, नंबर डीएल ७९१७५. अमेरिकेच्या डेका कॉपी खूप निघाल्या, त्यातही कागद दिलेले होते, आणि संपूर्ण संच परवडणाऱ्या भावात हवा असेल तर माझ्या मते डेकाचीच कॉपी शोधावी. १९७३ मधे अमेरिकेत डेकाचं लेबल बंद होऊन एमसीएचं आलं, मग हाच अल्बम एमसीएच्या लेबलवर निघत राहिला, पण कागद गायब. म्हणजे बघा, तपकिरी पाकीट तेच, शिक्का तसाच, आणि आत काहीच नाही, ही कॉपी सगळ्यात स्वस्त मिळते, आणि ऐकायला अजिबात वाईट नाही. जपानच्या रेकॉर्डींबद्दल एवढंच सांगतो की विनाइल शांत असतं, आणि पाकिटाच्या कडेला कागदाचा एक पट्टा गुंडाळलेला असतो, त्याला ओबी म्हणतात, तो पट्टा असला तर भाव चढतो, फाटून गेला तर उतरतो.

इथं कोणीतरी विचारणारच, की भारतात दाबलेल्या विलायती रेकॉर्डींना काही किंमत आहे का. आहे, आणि आपण समजतो त्याहून जास्त आहे. कोलकात्याजवळ दमदमला ग्रामोफोन कंपनीचा कारखाना होता, तिथं ईएमआयच्या बँडच्या रेकॉर्डी भारतासाठी दाबल्या जायच्या. त्यातली सगळ्यात भारी गोष्ट बीटल्सची. १९६० च्या दशकात बहुतेक जगानं ७८ च्या स्पीडच्या (मिनिटाला ७८ फेऱ्या) लाखेच्या रेकॉर्डी सोडून दिल्या होत्या, पण आपल्याकडे अजून चावीचे ग्रामोफोन बऱ्याच घरांत होते, खेड्यात लाइटच नव्हती तर इलेक्ट्रिक प्लेअर कुठून आणणार, म्हणून बीटल्सची गाणी भारतात ७८ वर निघाली. आज त्या रेकॉर्डींच्या मागे इंग्लंड-अमेरिकेतले लोक असतात. ज्या कारणानं आपलं खेडं मागे होतं त्याच कारणानं ती वस्तू जगात दुर्मिळ झाली.

म्हणून मी दर्यापूर-मुर्तिजापूरकडच्या जुन्या मंडप डेकोरेशनवाल्यांना नेहमी विचारतो. लग्नात भोंगे लावणारी ही मंडळी रेकॉर्डींच्या पेट्याच्या पेट्या ठेवून होती, कॅसेट आली आणि त्या पेट्या गोदामात कनातींच्या मागे गेल्या. त्यात बहुतेक हिंदी सिनेमाची गाणी आणि लोकगीतं निघतात, भोंग्यावर वाजून वाजून पांढरी पडलेली. पण इंग्रजी रेकॉर्ड निघाली तर तिची गोष्टच वेगळी. एका डेकोरेशनवाल्या काकांनी मला पेटी उघडून दिली आणि म्हणाले, "हे इंग्रजीवाले पाय, कोणी लावूच देत नोयतं लग्नात, म्हून नव्यावानीच हायेत." अगदी बरोबर बोलले ते, वाजलीच नाही म्हणून टिकली. जिथं तो बँड कोणालाच माहीत नाही तिथं त्याची रेकॉर्ड सगळ्यात चांगल्या अवस्थेत सापडू शकते. अर्थात उंदरांनी कव्हर कुरतडलेलं असतं, वाळवी लागलेली असते, ते वेगळं. आणि एक विनंती, अशा काकांना भाव नीट सांगा. त्यांना माहीत नाही म्हणून रद्दीच्या भावात उचलून आणायचं हे मला पटत नाही.

अवस्था कशी मोजतात ते आता बघू. जगभर इंग्रजी अक्षरांची एक पद्धत चालते, मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड अशी उतरती. फसू नका, गुड म्हणजे चांगली नाही, गुड म्हणजे सबंध गाणंभर खरखर. ऐकायला समाधान हवं असेल तर व्हेरी गुड प्लसच्या खाली जायचं नाही, आणि तिची किंमत साधारण निअर मिंटच्या निम्मी धरतात. रेकॉर्डचा आणि पाकिटाचा दर्जा वेगळा लिहिलेला असतो, या अल्बमला तर कागदांचा तिसरा दर्जा पण विचारायचा. रेकॉर्ड स्वतः बघायला मिळाली तर ट्यूबलाइटखाली बघू नका, अंगणात न्या, सकाळच्या तिरप्या उन्हात धरा, मिनिटभरच, आणि हळूहळू कलती करा. केसासारख्या वरवरच्या रेघा बहुतेक ऐकू येत नाहीत. नखाला लागतो तो ओरखडा ऐकू येतो. मग मधल्या भोकाभोवती बघा, रेकॉर्ड प्लेअरच्या खुंटीवर बसवताना चाचपडलेल्या खुणा लेबलवर उमटतात, त्या जितक्या जास्त तितकी ती जास्त वेळा वाजलेली. ही खूण पुसता येत नाही आणि फार थोडे लोक ती बघतात.

आपल्या भागात जपायचं कसं, यावर मी बऱ्याच लोकांशी बोललोय कारण पुण्या-मुंबईच्या सल्ल्यानं इथं भागत नाही. पहिलं पाणी. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे, आमच्याकडे बोअरचं पाणी वाळलं की बादलीला पांढरा थर बसतो. तोच थर रेकॉर्डच्या खाचेत बसणार आणि सुई त्याच्यावरून घासत जाणार. त्यामुळे रेकॉर्ड धुवायला फक्त डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते, बाटली सीलबंद बघून घ्या. त्यात थेंबभर सौम्य साबण, मऊ मायक्रोफायबरचं कापड, खाचेच्या दिशेनं गोल पुसायचं, शेवटी पुन्हा नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं, आणि लेबल ओलं होऊ द्यायचं नाही. काही जण पाण्यात थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल घालतात, विनाइलला चालतं, पण ७८ च्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डीला अल्कोहोल लावलं तर लाखच विरघळते, तिथं अजिबात नाही.

दुसरं ऊन. मे महिन्यात अकोल्याला ४५ च्या वर पारा जातो, तेवढ्यानं विनाइल वितळत नाही, पण टिनाच्या खोलीत छताजवळच्या फळीवर किंवा उन्हात उभ्या गाडीत तापमान त्याच्या कितीतरी वर जातं आणि रेकॉर्ड वाकते. वाकलेली रेकॉर्ड पूर्वीसारखी सपाट होत नाही. म्हणून घरात सगळ्यात थंड, आतली, मातीच्या भिंतीची खोली असेल तर तीच, जमिनीपासून वीतभर वर लोखंडी रॅक (लाकडी नको, वाळवी), आणि रेकॉर्डी सरळ उभ्या, आडव्या थप्पीत नाही आणि तिरप्या टेकलेल्या पण नाही. पावसाळ्यात त्या तपकिरी पुठ्ठ्याला ओल फार लवकर धरते, बुरशीचे ठिपके येतात, कसर लागते, कागद वेगळ्या पाकिटात ठेवले तर बरं. जाड चकचकीत मऊ प्लास्टिकची कव्हरं टाळा, उन्हाळ्यात ती विनाइलला चिकटल्यासारखी होतात आणि रेकॉर्डवर धुरकट डाग सोडतात. साधी पातळ पॉलिथीनची चालतात.

लाइटचं पण एक सांगतो. बऱ्याच जुन्या प्लेअरची मोटर थेट मेन लाइनच्या करंटवर चालते आणि तिचा वेग व्होल्टेजपेक्षा फ्रिक्वेन्सीवर ठरतो, त्यामुळे व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तरी गाणं लगेच बसत नाही. खरा त्रास स्वस्तातल्या इन्व्हर्टरचा, त्याच्यावर प्लेअर लावला की मागून सतत गूं असा आवाज येतो, आणि माणूस रेकॉर्डला दोष देत बसतो. लाइट आल्यावर परत लावून बघा.

बाहेरून मागवायचं असेल तर हिशोब नुसत्या किमतीचा नसतो, पोस्टेज, कस्टम ड्युटी, त्यावर जीएसटी, हे सगळं धरून रक्कम बघा, बऱ्याचदा रेकॉर्डपेक्षा बाकीचंच जास्त होतं. विक्रेत्याला दोन गोष्टी लिहून कळवा. एक, रेकॉर्ड पाकिटाच्या बाहेर काढून वेगळ्या आवरणात पाठवा, नाहीतर प्रवासात आदळून आदळून ती पुठ्ठ्याची शिवण आतून फाडते, आणि गेटफोल्डची शिवण फाटली की अर्धी किंमत तिथंच गेली. दोन, मार्च ते जून पाठवू नका. पार्सल नागपूरहून तालुक्याला येतं, तालुक्यावरून गावात यायला कधी दुसरा दिवस उजाडतो, तोवर ते गाडीत किंवा टिनाच्या शेडमधे पडून असतं. मी दिवाळीनंतरच मागवतो, म्हणजे कपाशीचे पैसे पण हातात असतात आणि हवा पण थंड असते. पहिलीच घेणार असाल तर माझं ऐका, एमसीएची बिनकागदाची कॉपी घ्या, अवस्था चांगली बघून, आणि भरपूर वाजवा. पंधरा मिनिटांचं ते 'माय जनरेशन' मधे 'टॉमी'चे तुकडे कुठं येतात ते ओळखू यायला लागले की मग डेकाच्या संचासाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात करा, आणि तो मिळाला की आधी कागद मोजा, मग रनआउट वाचा, मग सुई टेकवा.